वाचकांचे प्रश्न : ‘हात वर करून आलेला’

या महिन्याच्या टपालात युद्धकैद्यांविषयीची पत्रे इतकी आली की इतर प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून हा संपूर्ण मजकूर त्याच विषयाला दिला आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत, आणि लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे आजोबा मराठा पलटणीत शिपाई होते. १९४२ साली ते तोब्रुकला पकडले गेले आणि लढाई संपल्यावर गावी परतले. त्या तीन वर्षांबद्दल ते कधीही बोलले नाहीत. रोज रात्री भाकरीचा एक तुकडा फडक्यात गुंडाळून उशाखाली ठेवण्याची मात्र त्यांची सवय शेवटपर्यंत गेली नाही. बांधावरून भांडण झाले की कोणी तरी ‘हात वर करून आलेला’ असे ऐकवीत असे आणि आजोबा काही न बोलता उठून जात. त्यांच्या ट्रंकेत दोन कार्डे सापडली. एकावर ‘पी. जी. ९१’ असे आहे, तर दुसऱ्यावर एक लांबलचक जर्मन शब्द आणि ‘स्टालाग ४ डी/झेड’ असे छापलेले आहे. मजकूर दोन्हींवर जवळपास सारखाच : प्रकृती ठीक आहे, काळजी नसावी. ते लढले नाहीत असा याचा अर्थ घ्यायचा का? — एक नात, सातारा जिल्हा

उत्तर : आधी तारखा पाहू, कारण त्या टोमण्याचे उत्तर बरेचसे तारखांतच आहे. तोब्रुक हे लिबियाच्या किनाऱ्यावरील बंदर. जून १९४२ मध्ये त्याच्या पूर्वेकडील बाजूचे रक्षण ११ व्या भारतीय ब्रिगेडकडे होते, आणि या ब्रिगेडमध्ये कॅमेरॉन हायलँडर्स व गुरखा यांच्या एकेका बटालियनबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, म्हणजे ‘काली पांचवीं’ या नावाने ओळखली जाणारी पलटण होती. आदल्या वर्षी याच तोब्रुकने कित्येक महिन्यांचा वेढा सोसला होता. पण मधल्या काळात रणगाडे अडवण्यासाठी खणलेला खंदक ठिकठिकाणी वाळूने बुजला होता आणि पेरलेल्या सुरुंगांपैकी बरेचसे उकरून दुसऱ्या आघाडीवर नेले गेले होते. २० जूनच्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलने आपली सारी ताकद आग्नेय बाजूच्या एका अरुंद पट्ट्यावर एकवटली. तो पट्टा मराठ्यांच्या ताब्यातला होता. आधी सूर मारून बॉम्ब टाकणारी स्टुका विमाने आली, मग तोफा सुरू झाल्या, त्यांच्या धुराआडून जर्मन सुरुंगवाल्यांनी खंदकावर वाटा तयार केल्या आणि त्या वाटांवरून रणगाडे आत घुसले. दिवस वर येईपर्यंत मराठ्यांची फळी फुटलेली होती.

दुसऱ्या दिवशी, २१ जूनच्या सकाळी, तोब्रुकचे सेनानी जनरल क्लॉपर यांनी सारे ठाणे शत्रूच्या स्वाधीन केले आणि सुमारे ३३,००० माणसे एका हुकमाने कैदी झाली. चर्चिल त्या दिवशी वॉशिंग्टनला रूझवेल्ट यांच्याकडे होते. पराभव ही एक गोष्ट आणि नामुष्की ही दुसरी, असे त्यांनी या बातमीबद्दल पुढे लिहून ठेवले. आपल्या गावात ऐकवला जाणारा टोमणा हा, माझ्या मते, त्याच शब्दाचा चावडीवरचा अवतार होय. ठाणे सोडायचे की लढवायचे हे ठरवताना कोणी शिपायाला विचारीत नाही. आणि आपले आजोबा ज्या पलटणीत होते, तिच्यावर तर हा हुकूम निघण्याच्या आदल्या दिवशीच रणगाडे चालून गेलेले होते.

लष्कराने स्वतः या गोष्टीकडे कसे पाहिले तेही सांगायला हवे. कैदेतली वर्षे नोकरीतच धरली जात आणि त्या काळाचा पगार हिशेबात जमा होत असे. पी. पी. कुमारमंगलम हे अधिकारी १९४२ सालीच, याच वाळवंटात, पकडले जाऊन इटलीच्या छावणीत गेले. १९६६ मध्ये ते भारताचे लष्करप्रमुख झाले. इटलीत त्यांच्याप्रमाणेच कैदेत असलेले याह्या खान त्याच वर्षी पाकिस्तानचे लष्करप्रमुख झाले. अधिकाऱ्याची कैद त्याच्या चरित्रातला रोमांचक अध्याय ठरावी आणि शिपायाची कैद गावात कुजबुजीचा विषय व्हावी, हा भेद मला नेहमीच खटकत आला आहे.

आता कार्डांकडे वळू, कारण मजकूर सारखा असला तरी ती दोन कार्डे मिळून बरेच काही सांगतात. ‘पी. जी.’ ही इटालियन भाषेतील ‘युद्धकैदी’ या शब्दांची आद्याक्षरे असून ९१ क्रमांकाची छावणी म्हणजे मध्य इटलीतील आवेझ्झानो, जिथे प्रामुख्याने भारतीय कैदी ठेवलेले होते. उत्तर आफ्रिकेत जर्मनांनी पकडलेली माणसेही इटलीच्या हवाली केली जात, म्हणून हे पहिले कार्ड इटलीचे आहे. तोब्रुकपासून तिथवर पोहोचणे हेच एक दिव्य होते. उघड्या वाळवंटात तारेचे कुंपण घालून केलेल्या कोंडवाड्यात, अपुऱ्या पाण्यावर आणि पसरत चाललेल्या हगवणीत काढलेले दिवस, त्यानंतर ट्रकमधून बेंगाझी, आणि तिथून मालवाहू जहाजाच्या तळघरात बसून समुद्र ओलांडणे. या जहाजांवर कैदी आहेत हे वरून किंवा पाण्याखालून ओळखू येत नसे. १७ ऑगस्ट १९४२ रोजी ‘निनो बिक्सिओ’ या जहाजावर ब्रिटिश पाणबुडीनेच पाणतीर सोडले आणि त्यावरील सुमारे तीन हजार कैद्यांपैकी तीनशेहून अधिक मेले. त्या जहाजावर भारतीयही होते.

दुसऱ्या कार्डावरचा लांबलचक शब्द बहुधा ‘क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट’ असा असेल. त्याचा अर्थ युद्धकैद्यांचे टपाल एवढाच. त्याच कार्डावर कोठे तरी ‘गेप्रुफ्ट’ असा शिक्का असेल, तर तो टपाल तपासणाऱ्याचा. ‘स्टालाग’ म्हणजे शिपाई कैद्यांची जर्मन छावणी, आणि स्टालाग ४ डी/झेड म्हणजे जर्मनीतील आन्नाबुर्ग. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली तेव्हा अनेक छावण्यांवरचे पहारेकरी निघून गेले. बरेच कैदी डोंगरात पळाले आणि इटालियन शेतकऱ्यांनी जिवावर उदार होऊन त्यांना महिनोन्‌महिने लपवले. उरलेल्यांना जर्मनांनी मालगाडीच्या बंद डब्यांत कोंबून उत्तरेकडे नेले. दोन कार्डे जोडून वाचली की आपले आजोबा या दुसऱ्या वाटेने गेले हे उघड होते.

आता भाकरी. मला विचाराल तर आपल्या पत्रातला सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. छावणीत दिवसाकाठी पातळ सूप आणि पावाचा वाटा मिळे. एक पाव ठराविक माणसांत कापायचा असे, आणि ज्याच्या हाती सुरी त्याने आपला तुकडा सर्वांत शेवटी उचलायचा, हा नियम जगभरच्या छावण्यांत कैद्यांनी आपणहून केलेला दिसतो. सगळे भोवती बसून त्या सुरीकडे पाहत असत. तुकडा हाती आला की लगेच खायचा की अर्धा रात्रीसाठी राखायचा, यावर माणसामाणसांत मतभेद असत. राखणारे तो उशाशी किंवा अंगाखाली ठेवीत, कारण दुसरी सुरक्षित जागा नव्हती. रेडक्रॉसची पार्सले आली की दिवस बदलत. भारतीय कैद्यांसाठी लंडनमधील इंडियन कम्फर्ट्स फंड वेगळी पार्सले बांधीत असे, ज्यात आपल्या जेवणाला जुळणारे जिन्नस घातले जात, आणि अशी दहा लाखांहून अधिक पार्सले युद्धाच्या काळात रवाना झाली. रिकामा डबाही कोणी फेकीत नसे. पत्रा कापून, वाकवून त्याची चूल, तवा, पेला होई. १९४४-४५ च्या हिवाळ्यात मात्र जर्मनीचे लोहमार्ग बॉम्बहल्ल्यांनी तुटले, पार्सले येणे जवळपास थांबले, आणि आधीच खंगलेल्या माणसांना पहारेकऱ्यांकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या शिध्यावर तो हिवाळा काढावा लागला. त्या हिवाळ्यातून परतलेल्या माणसाने उशाखाली भाकरी ठेवली, तर तिला मी विक्षिप्तपणा म्हणणार नाही.

आजोबा बोलले का नाहीत, याची कारणे अनेक असतील. एक कारण सरकारी होते. आन्नाबुर्गमध्येच सुभाषबाबूंच्या ‘आझाद हिंद’ लीजनसाठी, म्हणजे जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या भारतीय दलासाठी, भरती झाली होती, त्यामुळे युरोपातून परतलेल्या भारतीय कैद्यांची कसून चौकशी होऊन त्यांची ‘पांढरे’ (निष्ठावान), ‘करडे’ (संशयित) आणि ‘काळे’ (शत्रूला मिळालेले) अशी वर्गवारी केली गेली. ज्याला कैदेतून सुटल्यावर पुन्हा टेबलासमोर बसवून तू तिथे काय केलेस असे विचारले गेले, त्याला घरच्या ओट्यावर तेच पुन्हा सांगण्याची हौस उरत नाही. दुसऱ्या कारणाला पहिल्या महायुद्धातच एक नाव मिळाले होते. स्विस डॉक्टर फिशर यांनी कैद्यांमधील चिडचिड, विस्मरण, कोणाशीही न बोलणे या लक्षणांना ‘काटेरी तारेचा आजार’ म्हटले. सुटकेची तारीख ठाऊक नसणे हे त्यांनी त्याचे एक मूळ मानले. तुरुंगातल्या चोराला आपली शिक्षा किती वर्षांची ते माहीत असते; युद्धकैद्याला ते नसते.

प्रश्न : पकडलेल्या सैनिकाने फक्त नाव, हुद्दा आणि नंबर सांगायचा असतो असे ऐकले आहे. हा नियम खरा आहे का, आणि कैद्याकडून काम करून घेता येते का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

उत्तर : खरा आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या १७ व्या कलमानुसार नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि लष्करी क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक असून अधिक माहितीसाठी छळ किंवा सक्ती करता येत नाही. भारताने हा करार १९५० मध्ये स्वीकारला. कामाबाबत हुद्द्याप्रमाणे फरक आहे. शिपायांना काम लावता येते, हवालदारांसारख्यांना केवळ देखरेखीचे, आणि अधिकाऱ्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध मुळीच नाही. ही विभागणी १९२९ च्या आधीच्या करारातही होती, आणि शिपायाची कैद अधिकाऱ्याच्या कैदेहून निराळी असण्याचे ते एक कायदेशीर कारण आहे.

प्रश्न : सिंगापूर पडल्यावर ज्या भारतीय कैद्यांनी आझाद हिंद सेनेत जाण्याचे नाकारले, त्यांना इंग्रजांचे ताबेदार म्हणून विसरून जायचे का? आमच्या घरात यावरून नेहमी वाद होतो. — एक निवृत्त शिक्षक, नागपूर

उत्तर : १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती गेले. दोनच दिवसांनी फेरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४५,००० भारतीय सैनिकांना एकत्र बसवून, ब्रिटिश अधिकाऱ्यांपासून वेगळे काढून, जपानी मेजर फुजिवारा यांच्या हवाली करण्यात आले. हवाली करणारा ब्रिटिश अधिकारी थोडे बोलून निघून गेला. त्यानंतर फुजिवारा बोलले आणि मग आझाद हिंद सेना उभारणारे कॅप्टन मोहनसिंग. बाजारात गुरे एका दावणीतून सोडून दुसऱ्या दावणीला बांधावीत तसे आपल्याला वाटले, अशा अर्थाचे उद्गार त्या मैदानात बसलेल्यांच्या आठवणींत वारंवार भेटतात. त्यातून काहींना इंग्रजांशी बांधिलकी संपल्यासारखे वाटले, तर काहींना वाटले की मीठ एकदा खाल्ले ते खाल्ले. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असू शकतात, ही गोष्ट मान्य केली की आपल्या घरातला निम्मा वाद मिटेल.

उरलेला निम्मा वाद मिटण्यासाठी नकार देणाऱ्यांचे पुढे काय झाले ते वाचावे. १९४३ मध्ये त्यांच्यापैकी हजारो जणांना जहाजांत भरून ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील न्यू ब्रिटन आणि न्यू गिनी या बेटांकडे मजुरीसाठी पाठवले गेले. न्यू गिनीतील वेवाकच्या बाजूला सुमारे तीन हजार भारतीय उतरवले गेले आणि उपासमार, मलेरिया, मारहाण व बॉम्बहल्ले यांतून त्यांतले फारच थोडे वाचले. फ्रंटियर फोर्स रेजिमेंटचे चिंत सिंग यांच्या तुकडीतले अवघे ११ जण सप्टेंबर १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सैनिकांना सेपिक नदीच्या परिसरात जिवंत सापडले. युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत साक्ष देण्यासाठी चिंत सिंग मागे थांबले. घरी निघालेले त्यांचे दहाही सोबती नोव्हेंबरमध्ये विमान अपघातात गेले. खटल्यांमध्ये आरोपींच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की हे भारतीय युद्धकैदी नव्हतेच, ते आपणहून जपानच्या सेवेत आलेले मजूर होते. म्हणजे ज्यांनी सामील होण्यास नकार दिला, त्यांनाच सामील झालेले ठरवून कैद्याचे हक्क नाकारायचे. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात चाललेल्या खटल्यामुळे शाहनवाज, सहगल आणि धिल्लन ही नावे त्या वेळी साऱ्या देशाच्या तोंडी झाली, आणि ते योग्यच होते. चिंत सिंग हे नाव मात्र आपल्याकडे फार थोड्यांनी ऐकलेले आहे.

प्रश्न : युद्धकैदी पळून गेला आणि पुन्हा सापडला तर त्याला गोळी घालतात का? — इयत्ता नववी, नाशिक

उत्तर : नाही. पळण्याचा प्रयत्न फसला तर जिनिव्हा करारानुसार फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, आणि तीही जास्तीत जास्त ३० दिवसांची. याचे एक चांगले उदाहरण आपल्याकडचेच आहे. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानात पकडले गेलेले वैमानिक दिलीप परुळकर, एम. एस. गरेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे १३ ऑगस्ट १९७२ च्या पहाटेपूर्वी रावळपिंडीच्या छावणीतील कोठडीची भिंत फोडून बाहेर पडले आणि पेशावरमार्गे थेट लंडी कोटलपर्यंत पोहोचले. अफगाण सरहद्द काही मैलांवर राहिली होती. तिथे त्यांनी लंडी खाना या स्टेशनाचा रस्ता विचारला आणि तिथेच फसले, कारण ते स्टेशन १९३२ पासून बंद होते. जुन्या नकाशावर ते अजून दिसत असले, तरी त्या गावात त्याची चौकशी करणारा माणूस परकाच असणार हे स्थानिकांनी ओळखले. तिघांनाही १ डिसेंबर १९७२ रोजी इतर कैद्यांबरोबर भारताच्या स्वाधीन करण्यात आले.

प्रश्न : आमच्या पणजोबांचे पहिल्या महायुद्धातील एक रुपेरी पदक घरात आहे. ते ‘कूतच्या वेढ्यात’ होते आणि परत आले नाहीत, एवढेच घरात सांगतात. त्यांचा शोध कसा घ्यावा? — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : कूत अल-अमारा हे इराकमधील तैग्रिस नदीच्या वळणावरचे गाव. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, म्हणजे जवळपास पाच महिने, ब्रिटिश जनरल टाउनशेंड यांचे सैन्य तिथे तुर्कांच्या वेढ्यात अडकले होते आणि त्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापले जाऊ लागले. ते मांस खाण्यास बहुतेक हिंदी शिपायांनी बराच काळ नकार दिला. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांकडून तारेने अनुमती मागवल्यानंतरही अनेकांनी एप्रिलपर्यंत त्याला हात लावला नाही आणि त्याची किंमत आधी वजनाने व मग प्राणांनी चुकवली. वेढा फोडण्यासाठी नदीच्या खालच्या अंगाकडून आलेल्या ब्रिटिश फौजेची सुमारे २३,००० माणसे जखमी झाली किंवा मेली, तरी ती फौज कूतपर्यंत पोहोचू शकली नाही.

शरणागतीनंतर सुमारे १३,००० माणसे कैद झाली. त्यांच्या पोटात पहिले जे पडले ते तुर्की सैन्याचे दगडासारखे बिस्कीट. उपाशी आतड्यांना ते सोसले नाही आणि कित्येक जण पहिल्या मुक्कामावरच गेले. मग शिपायांना त्यांच्या अधिकाऱ्यांपासून तोडून बगदाद, मोसुल आणि पुढे रास अल-ऐनच्या दिशेने उन्हात चालवत नेले. तिथे बगदादकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या कामावर त्यांना जुंपले गेले. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला आणि नोकरचाकर मिळाले. यावर वेगळे भाष्य करण्याची गरज मला वाटत नाही.

शोधासाठी पदकापासूनच सुरुवात करावी. पहिल्या महायुद्धाच्या त्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत ठोकलेली असते. भिंगातून ती उतरवून घ्यावी. पलटण वरच्या तिघांपैकी असल्यास क्रमांकासह बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाला लिहावे. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने १९१४ पासून ठेवलेली युद्धकैद्यांची लाखो कार्डे आता संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात; त्यांत मराठी नावांची रोमन स्पेलिंगे वाटेल तशी लिहिलेली असल्यामुळे ‘जाधव’ शोधताना चार-पाच प्रकारे शोधावे लागते.

मृत्यू कैदेत झाला असल्यास बसऱ्याच्या स्मारकाकडे पाहावे लागेल, आणि इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे धक्का बसणार नाही. या स्मारकावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. पण शिलापटांवर नावे ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची कोरली गेली, हिंदी शिपायांचे मात्र पलटणीखाली केवळ आकडे दिले गेले. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या आपल्या अहवालात या विषमतेची उघड कबुली दिली. आयोगाच्या संकेतस्थळावरील यादीत शिपायांची नावे सापडतात, परंतु एकाच पलटणीत एकाच नावाचे चार जण निघाले, तर त्यांतले आपले पणजोबा कोणते हे फक्त क्रमांकावरूनच कळेल. म्हणून एक विनंती : दसऱ्याला पदक उजळायला काढाल तेव्हा तोंडावरची बाजू हवी तेवढी घासा, पण कडेला चिंच किंवा राख लावू नका.